विश्लेषण : ‘कॉर्प डॉट कॉम’ मायक्रोसॉफ्टला का विकत घ्यावे लागले?

कॉम्प्युटर सेटअप करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जायची सवय बहुतेकांना असते. आधीच भरलेले नाव क्वचितच कोणी बदलते. याच सवयीमुळे एक साधे डोमेन लाखो कॉम्प्युटरसाठी धोक्याचे ठरले.

काय आहे प्रकरण?

अमेरिकेतील माइक ओकॉनर यांनी १९९४ मध्ये ‘कॉर्प डॉट कॉम’ हे डोमेन घेतले. पुढे विंडोज २००० सर्व्हरसारख्या आवृत्त्यांमध्ये ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कसाठी ‘कॉर्प’ हे नाव नमुना म्हणून देण्यात आले. अनेक कंपन्यांनी ते तसेच ठेवले. नंतर ईमेल, प्रिंटर, शेअर्ड फोल्डर असे सगळेच त्या नावावर उभे राहिले आणि ते बदलणे जिकिरीचे झाले.

माहिती बाहेर कशी जाते?

ऑफिसमध्ये लॅपटॉपने ‘कॉर्प’ शोधले की कंपनीचाच सर्व्हर उत्तर देतो. तोच लॅपटॉप कॅफेच्या वाय-फायवर असेल तर हा सर्व्हर सापडत नाही. मग ही विचारणा खुल्या इंटरनेटवरील ‘कॉर्प डॉट कॉम’पर्यंत पोहोचू शकते. लॅपटॉप तिथेच लॉगिन करू पाहतो, फाइल मागतो. वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तज्ज्ञ याला ‘नेम कोलिजन’, म्हणजे नावांची टक्कर म्हणतात.

धोका किती मोठा होता?

सुरक्षातज्ज्ञ जेफ श्मिट यांच्या २०१९ मधील चाचणीत पावणेचार लाखांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर या डोमेनकडे माहिती पाठवू पाहत असल्याचे आढळले. ईमेल स्वीकारून पाहिले, तर तासाभरात १ कोटी २० लाखांहून अधिक ईमेल आले. चाचणी थांबवून ते नष्ट करण्यात आले.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी २०२० मध्ये ओकॉनर यांनी १७ लाख डॉलरपासून बोली ठेवत डोमेन विक्रीला काढले. ते सायबर गुन्हेगारांच्या हाती पडू नये, मायक्रोसॉफ्टनेच घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. रक्कम जाहीर झाली नाही.

मग आता काय करावे?

अंतर्गत नेटवर्कला कंपनीच्या मालकीच्या डोमेनखालचेच नाव द्यावे. डोमेनव्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने २०२४ मध्ये ‘डॉट इंटर्नल’ हे नाव खास खासगी वापरासाठी राखून ठेवले आहे. ते खुल्या इंटरनेटवर कोणालाही मिळणार नाही, त्यामुळे अशी टक्कर टळते.