वेल्वेटच्या ब्लाउजला चेन लावताय? मग हे वाचा

तुळशीचं लग्न उरकलं की बीड, अंबाजोगाई, माजलगावात लग्नसराईचं शिवण सुरू होतं आणि वेल्वेटचे ब्लाउज शिवायला येतात. पाठीला चेन लावायची म्हटलं की चांगल्या शिवणाऱ्या ताईही जरा थबकतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

धातूची चेन नकोच. तिचे दात कापडाची लव पकडतात. नायलॉनची बारीक कन्सिल चेन सगळ्यात छान, मऊ बसते.

खरी अडचण लवेची आहे. वेल्वेटचे दोन थर समोरासमोर आले की लव लवेवर घसरते आणि मशीनखाली एक थर पुढे पळतो. म्हणून आधी हाताने कच्चे टाके घाला, दोन ओळी घातल्या तर आणखी उत्तम. हा वेळ वाचवू नका! टाचण्या फक्त शिलाईसाठी सोडलेल्या कापडात टोचा, बाहेर टोचल्या तर खूण राहते. चेनच्या दोन्ही बाजू खालून वर शिवा, टाका थोडा मोठा ठेवा, मशीनच्या पायाचा दाब कमी करा. सुती कापडावर आपण दातांना चिकटून टीप मारतो. इथे किंचित अंतर ठेवा, नाहीतर चेन ओढताना लव अडकते.

इस्त्री उलट बाजूनेच, खाली वेल्वेटचा तुकडा लव वर करून ठेवा. वाफ द्या, दाबू नका. चिरडलेली लव बहुतेक वेळा पुन्हा उभी राहत नाही.

कापड फार महाग असेल तर चेन सरळ हातानेच, बारीक उलट टाक्याने लावा. लवेत टाका दिसतच नाही.