तिपेडी सर्पिल: मधोमध काय बसते?

तिपेडी रचना टिकेल का, हे तिच्या मधोमध काय बसते त्यावर ठरते. १९५३ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी डीएनएच्या तीन साखळ्यांचे फॉस्फेट गट आत ठेवले. पण पेशीत हे गट ऋणभारित असतात, ते एकमेकांना दूर ढकलणारच! रचना चुकीची ठरली. पुढच्याच वर्षी आमच्या आवडीजवळ, मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनचे तिपेडी सर्पिल मांडले. त्यात दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन. त्याची पार्श्वशाखा म्हणजे एकच हायड्रोजन अणू, म्हणून ते आत मावते. तिथे मोठे अमिनो आम्ल आले की सर्पिल बिघडते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. डीएनएही तिपेडी होतो, पण त्याची तिसरी साखळी दुपेडी सर्पिलाच्या मोठ्या खाचेत बसते. फॉस्फेट बाहेरच राहतात.