पीसी सुरू होत नाही, मग जुने ईमेल गेले का?

आज घरचाच किस्सा.

पळस्पे फाटा म्हटलं की लोकांना ट्रॅफिक आठवतं. मुंबई-गोवा हायवे इथूनच सुटतो ना! तिथून आत आमचं घर, आणि माळ्यावर बाबांचा जुना विंडोज एक्सपीवाला पीसी. माझे काका बोटीवर होते. बंदर लागलं की ते ईमेल टाकायचे आणि बाबा ते आजीला वाचून दाखवायचे. आता काका नाहीत. गणपतीत आजी म्हणाली, "त्याची ती पत्रं काढ रे." पीसी लावला, तर काळ्या स्क्रीनवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग'.

पनवेलला एकाला दाखवला. "फॉरमॅट मारू, होईल चालू." झालाही असता, पण पत्रं गेली असती.

बूट न होणं वेगळं, डेटा जाणं वेगळं. एनटीएलडीआर ही एक्सपी सुरू करून देणारी छोटीशी फाइल. किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडतं का?

तुम्ही म्हणाल, मेल तर सर्व्हरवर असतात. तेव्हा तसं नव्हतं. बाबांचं आउटलुक एक्स्प्रेस पीओपी पद्धतीनं मेल पीसीवर उतरवायचं आणि सेटिंग बदललेलं नसेल तर सर्व्हरवरून पुसून टाकायचं. म्हणजे एकच प्रत, तीही माळ्यावर.

तर डिस्क बाहेर काढली. रुंद चपटी केबल असेल तर आयडीई, अरुंद असेल तर साटा, तसा यूएसबी अडॅप्टर घ्यायचा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून वेगळी पॉवर असलेलाच घ्या. मी आधी स्वस्तातला आणला, डिस्क फिरलीच नाही!

जोडल्यावर कान द्या. टक-टक आवाज येत राहिला तर लगेच बंद करा. आतलं हेड बिघडलेलं असू शकतं, मग डेटा रिकव्हरी लॅबच गाठायची. विंडोजनं 'फॉरमॅट करू का' विचारलं तर कॅन्सल. चेकडिस्कही चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं. आवाज ठीक असेल तर आधी अख्ख्या डिस्कची इमेज बनवा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू फुकट मिळतं. पुढची सगळी शोधाशोध त्या इमेजमध्ये.

मला मेल सापडले ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये, बाबांच्या नावाखाली, 'लोकल सेटिंग्ज'च्या खूप आत. हे फोल्डर लपवलेलं असतं, त्यामुळे 'हिडन फाइल्स दाखवा' सुरू करा. तिथे 'इनबॉक्स डॉट डीबीएक्स' नावाची फाइल असते. ती आजच्या थंडरबर्डमध्ये थेट उघडत नाही, आधी कन्व्हर्टरनं ईएमएल करावी लागते. काका मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, म्हणून फॉन्टची भानगड तरी झाली नाही.

रात्री आजीजवळ बसून पहिलं पत्र वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच तिनं थांबवलं.

"हे ऐकलंय मी. पुढचं वाच."