छातीचा फोटो, पण पहिल्याच वेळी नीट

मंडळी, आपल्या कोल्हापुरात एक्स-रेला एक्स-रे फार कमी जण म्हणतात. ‘बाळाचा छातीचा फोटो काढायचाय’ असंच सांगतात. शब्द सोपा आहे, पण त्यामुळे एक गोष्ट विसरली जाते. या फोटोसाठी बाळाच्या शरीरातून किरणं जातात. थोडीच, पण जातात. म्हणून आज आपण दोनच प्रश्न बघू: फोटो लागतो कधी, आणि लागलाच तर कमीत कमी किरणांत कसा काढायचा?

आधी भीती बाजूला ठेवू. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला रोज किरणं मिळतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छातीचा एक फोटो नीट काढला तर साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीनेक दिवसांचा नैसर्गिक वाटा. मग काळजी कशाची? मुलांच्या पेशी वाढत्या असतात, त्यांच्यावर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, आणि पुढे सगळं आयुष्य असतं. धोका अगदी छोटा आहे, पण गरज नसताना तो तरी का घ्यायचा?

आता पहिला प्रश्न. ‘डॉक्टर, एकदा फोटो काढूनच बघा की,’ असं आम्हाला आईवडील नेहमी म्हणतात. साध्या सर्दी-खोकल्यात त्याची गरज नसते. न्यूमोनियाचा संशय असेल तर आधी घड्याळ लावून श्वास मोजायचे. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ महिने ते १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. मात्र आजार गंभीर असेल, क्षयरोगाची शंका असेल, किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला फोटो किरणांच्या भीतीने टाळू नका. तिथे न काढण्यातच जास्त धोका आहे.

दुसरा प्रश्न फोटो काढणाऱ्यांचा. मशीनचा उजेड छातीपुरताच ठेवायचा. डोकं, पोट त्याच्या बाहेर. लहान मुलाची छाती पातळ असते, तिला सहसा ग्रिड लागत नाही. ग्रिड लावली की किरणं वाढवावी लागतात. वेळ अगदी कमी ठेवायचा, म्हणजे बाळ हललं तरी फोटो पुसट येत नाही. आणखी एक गंमत बघा. जुन्या फिल्मवर किरणं जास्त झाली की फोटो काळा पडायचा, चूक लगेच कळायची. डिजिटलमध्ये संगणक फोटो सुधारून घेतो. किरणं जास्त झाली तरी फोटो सुंदरच दिसतो! म्हणून मशीन दाखवतं तो एक्सपोजरचा आकडा दरवेळी बघायचा.

सगळ्यात मोठी बचत मात्र दुसरा फोटो टाळण्यात आहे. बाळ हललं, फोटो बिघडला, पुन्हा काढला, की मात्रा दुप्पट. म्हणून बाळाला धरायला घरचं कुणीतरी हवं. धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा, आणि गरोदर बाईने धरायचं नाही. गळ्यातली साखळी, ताईत, बटणांचा अंगरखा आधीच काढून ठेवा.

आणि जुना फोटो जपा. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबं मुलांना घेऊन आपल्या जिल्ह्यात येतात, हंगाम संपला की परत जातात. गावाकडचा कागद सोबत नसला की इथे तपासणी पुन्हा पहिल्यापासून. फोटो आणि रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, मोबाईलवरही घेऊन ठेवा.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायला लाजू नका: ‘या फोटोने उपचार बदलणार आहेत का?’ आणि ‘आधीचा फोटो चालेल का?’ उत्तर ऐकून फोटो काढायचा ठरला, तर निर्धास्तपणे काढा. फक्त पहिल्याच वेळी नीट येईल, एवढं आपण सगळे मिळून बघू.