जाहिरात गुणाची, मौन दराचे

उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया ही इंग्लंडची वसाहत होती आणि विल्यम्सबर्ग हे छोटे गाव तिची राजधानी होते, त्या काळातील ही हकीकत आहे. १७३६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ६ तारखेस विल्यम पार्क्स या मुद्रकाने तेथे ‘व्हर्जिनिया गॅझेट’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या वसाहतीतील ते पहिले वृत्तपत्र होय. त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने वैद्यकी करणाऱ्यांची फी आणि त्यांची बिले यांचे नियमन करणारा एक कायदा संमत केला. वृत्तपत्रामुळे कारागिरांना, दुकानदारांना आणि वैद्यांना आपला धंदा चारचौघांत पुकारण्याचे साधन लाभले. कायद्यामुळे रोग्याला दराची थोडीफार हमी मिळाली. पुढे वृत्तपत्र टिकले, त्याला प्रतिस्पर्धीही निघाले. कायदा मात्र दोन वर्षांची मुदत संपताच लोपला आणि त्याचे पुनरुज्जीवन झाले नाही. विकणाऱ्याला बोलण्याची सोय राहिली, घेणाऱ्याला विचारण्याची राहिली नाही. वैद्यकीय सेवेच्या बाजारपेठेतील हा असमतोल आजही पुरता सुटलेला नसल्यामुळे त्या गावातील जाहिरातींकडे पुन्हा एकवार पाहणे उद्बोधक ठरेल.

परक्या गावातील पत

अमेरिकन राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर विल्यम्सबर्गची लोकसंख्या सुमारे दोन हजार होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मे लोक आफ्रिकी वंशाचे, बहुतांशी गुलाम होते. एका टोकाला १६९३ साली स्थापन झालेले विल्यम अँड मेरी कॉलेज, दुसऱ्या टोकाला विधिमंडळाची इमारत आणि या दोहोंना जोडणारा मैलभर लांबीचा रुंद रस्ता, एवढाच गावाचा मुख्य पसारा. एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाची बैठक भरली की हे एरवी शांत असणारे गाव गजबजून जाई. दूरदूरचे तंबाखूचे मळेवाले कज्जे, कर्जफेड, खरेदी आणि करमणूक ही सारी कामे एकाच फेरीत उरकण्यासाठी येत. जत्रेच्या गावातील दुकानदार ज्या आतुरतेने जत्रेची वाट पाहतो, त्याच आतुरतेने येथील व्यापारी या दिवसांची वाट पाहत.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावात सुताराला आपली ओळख सांगावी लागत नाही. त्याच्या बापाने केलेले दार अजून शाबूत आहे की नाही, हे गिऱ्हाईक स्वतः पाहू शकते. वसाहतीत बोटीतून उतरलेल्या माणसाला ही सोय नव्हती. त्याची पत सांगणारे कोणी नव्हते. ते काम जाहिरातीने पत्करले. म्हणूनच या जाहिरातींचा साचा ठरून गेलेला दिसतो. प्रथम जनतेस नम्रपणे कळवायचे, मग आपण किंवा आपला माल नुकताच लंडनहून आल्याचे सांगायचे, त्यानंतर काम चोख व वेळेवर करून देण्याचे आश्वासन द्यायचे आणि शेवटी दुकानाची खूण सांगायची. जेम्स क्रेग या जवाहिऱ्याचे दुकान ‘सोनेरी गोळ्या’च्या खुणेवरून ओळखले जाई. ‘लंडन’ हा शब्द त्या गावात आजच्या आयएसआय शिक्क्याचे काम करी. मालाची कसोटी घेण्याचे साधन नसेल तेथे ग्राहक मूळ गावाच्या नावावर विसंबतो, हे अर्थशास्त्रातील तत्त्व त्या साध्यासुध्या मजकुरांतून स्पष्ट होते.

१७६६ साली विल्यम रिंड याने त्याच नावाचे दुसरे वृत्तपत्र काढले. त्याच्या मृत्यूनंतर १७७३ साली त्याची विधवा क्लेमेंटिना रिंड हिने छापखाना आणि संपादन ही दोन्ही कामे स्वतःच्या शिरावर घेतली. या स्पर्धेच्या काळात जुन्या ‘गॅझेट’च्या अंकावर वर्षाची वर्गणी साडेबारा शिलिंग आणि मध्यम लांबीच्या जाहिरातीस पहिल्या आठवड्यास तीन शिलिंग, पुढील प्रत्येक आठवड्यास दोन शिलिंग असे दर छापलेले असत. मुद्रकाने आपला दर असा उघड लिहिला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या पानांत जाहिरात देणारे बहुतेक धंदेवाईक मात्र दराविषयी चकार शब्द काढीत नसत.

पुकारा एकाचा, श्रम दुसऱ्याचे

बेंजामिन बकट्राउट हा लंडनहून आलेला लाकूडकाम करणारा कारागीर. १७६७ च्या जानेवारीत त्याने दिलेली जाहिरात नमुनेदार आहे. अँथनी हे या जुन्या कारागिराने आपला धंदा सोडून रॅले नावाची खानावळ घेतल्यामुळे त्याचे दुकान आपण चालवीत आहोत, जुन्या गिऱ्हाइकांनी लोभ ठेवावा, बागेसाठी चिनी आणि गॉथिक पद्धतीची कुंपणे करून मिळतील, स्पिनेट व हार्पसिकॉर्ड ही वाद्ये तयार व दुरुस्त करून मिळतील, असा तो मजकूर आहे. त्यापूर्वी गाऊटच्या दुखण्याने बेजार झालेल्यांसाठी एका खास खुर्चीचीही त्याने जाहिरात केली होती. दोन हजार वस्तीच्या गावात एकाच कामावर पोट भरत नाही, हे त्यामागील उघड कारण. श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या आकारावर अवलंबून असते, हा ॲडम स्मिथचा सिद्धान्त १७७६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बकट्राउटने तो त्याआधीच अनुभवला होता.

या पुकाऱ्यांमागे उधारीचे जग होते. वसाहतीत नाणे दुर्मीळ होते. तंबाखूचे पीक समुद्रापार जाऊन त्याचा हिशेब परत येईपर्यंत मळेवाल्याचे सारे व्यवहार वहीवर चालत. त्यामुळे नव्या मालाची वर्दी देणारा दुकानदार त्याच जाहिरातीत मागील बाकी चुकती करण्याची विनंती करताना आढळतो. मागणी वाढवणे हे जाहिरातीचे एक काम होते, तर थकबाकी वसूल करणे हे दुसरे.

तथापि, त्या पानांवरील सर्वांत बोलक्या जाहिराती वेगळ्याच आहेत. १७६९ च्या सप्टेंबरमध्ये ‘गॅझेट’मध्ये पळून गेलेल्या एका गुलामाचे वर्णन छापून आले. त्याचे नाव सँडी. धंद्याने चांभार, डावखुरा, जाडेभरडे सुतारकामही येणारा, घोडदौडीची थोडीबहुत माहिती असलेला. एक पांढरा घोडा आणि चांभारकामाची हत्यारे तो बरोबर घेऊन गेला होता. जाहिरातीखाली सही होती टॉमस जेफरसन यांची. पुढे सात वर्षांनी सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिणारे तेच हे जेफरसन. १७७१ साली अँथनी हे याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेच्या विक्रीची जाहिरात निघाली. तीत एकोणीस गुलामांचा उल्लेख असून त्यांत एक अतिशय कुशल लाकूडकाम करणारा होता. दुकानदाराच्या जाहिरातीत ज्याचे नाव कधी आले नाही, त्या कारागिराचे कौशल्य प्रथम छापले गेले ते त्याची किंमत यावी म्हणून. त्या काळच्या कारागिरीच्या सुबकतेविषयी बोलताना ही बाजू वगळता येणार नाही.

औषधाचे दुकान

मेज-खुर्चीचा बरेवाईटपणा वर्षभराच्या वापरात कळतो. टोप बेढब झाला तर आरसाच सांगतो. औषधाचे तसे नाही. रोगी बरा झाला तर औषधाने की निसर्गाने, आणि दगावला तर रोगाने की औषधाने, हे घेणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा देणाऱ्यालाही कळत नाही. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे वैद्यकीय जाहिरातींचा स्वर वेगळा का, ते उमगते.

व्हर्जिनियात वैद्य, शस्त्रवैद्य आणि औषधविक्रेता या तिन्ही भूमिका बहुधा एकच व्यक्ती पार पाडी. औषधे कुटून, खलून द्यायची, जखमा बांधायच्या, बाळंतपणे करायची आणि दुकानही सांभाळायचे. १७७५ साली विल्यम पाश्चर आणि जॉन मिन्सन गॉल्ट या दोघांनी भागीदारी केली आणि ती वृत्तपत्रातून जाहीर केली. गॉल्टने विशेषेकरून शस्त्रक्रियेकडे लक्ष द्यावे आणि अवघड प्रसंगी पाश्चरचा सल्ला घ्यावा, अशी कामाची वाटणीही त्यात सांगितली होती. गॉल्ट लंडनमध्ये शिकून आला होता. येथपर्यंत जाहिरात रोग्याच्या उपयोगाची होती. कोणाकडे कशासाठी जावे, हे तिने सांगितले.

परंतु औषधविक्रेत्यांच्या याद्यांत सिंकोनाची साल, रेवाचिनी आणि कापूर यांच्या शेजारी इंग्लंडहून आलेली तयार औषधेही असत. टर्लिंग्टनचा बाम, डॅफीचे अर्क, डॉक्टर जेम्सचे तापावरील चूर्ण ही नावे वसाहतींत सर्वत्र दुमदुमत होती. टर्लिंग्टनला १७४४ साली राजाचे पेटंट मिळाले होते, जेम्सला १७४७ साली. सामान्य वाचक पेटंट म्हणजे गुणाची ग्वाही समजे. वस्तुतः ते केवळ मक्तेदारीचे पत्र होते. जेम्सच्या चुर्णात अँटिमनी हे विषारी द्रव्य असे. १७७० नंतरच्या वर्षांत जॉन बेकर हा फिरता दंतवैद्य विल्यम्सबर्गला येऊन जाहिराती देत असे. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याच्या रुग्णांपैकी एक. आपल्या दंतमंजनाच्या डबीवर तो स्वतःची मोहर उठवी, म्हणजे नकली माल ओळखता यावा. बनावटीची भीती उत्पन्न होते, याचा अर्थ नावाला किंमत आली होती.

पदवीचे दहा शिलिंग

आता १७३६ च्या त्या अल्पायुषी कायद्याकडे वळू. त्याच्या प्रस्तावनेतील तक्रार आजच्या रुग्णालाही ओळखीची वाटेल. अर्धवट शिकलेले लोक अवाच्या सवा फी घेतात आणि लांबलचक बिल व्हावे म्हणून गरजेपेक्षा अधिक औषधे रोग्याच्या गळ्यात मारतात, असे विधिमंडळाचे म्हणणे होते. उपाय म्हणून दर ठरवून दिले गेले. उमेदवारी करून शिकलेल्या वैद्याने गावात किंवा पाच मैलांच्या आत भेट देऊन औषध लिहून दिल्यास पाच शिलिंग घ्यावेत; विद्यापीठाची पदवी असलेल्याने दहा. शिवाय दिलेल्या मिश्रणात कोणकोणती द्रव्ये आहेत, ते बिलात लिहिणे बंधनकारक केले. तसे न लिहिणाऱ्याचा वसुलीचा दावा न्यायालयात टिकणार नव्हता.

या तरतुदींपैकी पहिली वादग्रस्त आहे. पदवीला दुप्पट दर का? नेदरलँड्समधील लायडनची पदवी घेतलेले जॉन दि सेक्वेरा यांच्यासारखे नामांकित वैद्य पुढे विल्यम्सबर्गला आले खरे. परंतु प्रत्येक पदवीमागे त्यांच्याइतका अभ्यास असेलच, याची खात्री कोणी द्यावी? ॲडम स्मिथने १७७४ साली वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम कलेन यांना लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच शंका मांडली होती. पदवी हा कौशल्याचा पुरावा नाही, आणि पदवीधरांना मक्ता दिला तर फी तेवढी वाढते, असा त्याचा रोख होता. दुसरी तरतूद मात्र निर्विवाद शहाणपणाची होती. रोग्याला औषधाचा गुण पारखता येत नाही, हे मान्य. पण त्याने कशाचे पैसे दिले, हे त्याला कळलेच पाहिजे.

मौनाची आचारसंहिता

पुढील शतकात वैद्यक व्यवसायाने दुसराच मार्ग निवडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ च्या आचारसंहितेत जाहिरातबाजी व्यवसायाला कमीपणा आणणारी ठरवली. भोंदूंपासून स्वतःला वेगळे काढण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यात तथ्य होते. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की, रोगी आणि वैद्य यांच्या ज्ञानातील तफावतीमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही. तेथे विश्वास हाच व्यवहाराचा पाया असतो. नफ्यासाठी आरडाओरडा करणारा वैद्य तो विश्वास गमावतो. परंतु खोट्या गुणगानाबरोबर खऱ्या दराचाही उच्चार बंद झाला, हा त्या मौनाचा दुसरा परिणाम.

आपल्याकडील व्यवस्थेची घडण वसाहतकाळातच झाली. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली चमत्कारिक उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा केंद्रीय कायदा आला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांना गिऱ्हाईक ओढणारी जाहिरात मना केली. व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, रजेवर जाणे अशा प्रसंगी साधी वर्दी देण्याची मुभा ठेवली. म्हणजे पाश्चर आणि गॉल्ट यांची भागीदारीची जाहिरात चालेल, डॅफीच्या अर्काची चालणार नाही. त्याच विनियमांत डॉक्टराने आपली फी व इतर आकार दवाखान्यात ठळकपणे लावावेत, असेही म्हटले आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि मूलभूत सेवांचे दरपत्रक लावणे आवश्यक झाले.

नियम आहेत, प्रश्न आहे तो कोणता नियम कोण पाळतो याचा. रस्त्यारस्त्यावरच्या फलकांवर यंत्रसामग्रीची आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे झळकतात, आणि दरपत्रक मात्र शोधावे लागते. ठरावीक पगारावर संसार करणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला ऑपरेशनचा आकडा बहुधा दाखल झाल्यानंतर, म्हणजे दुसरीकडे जाण्याची वेळ टळून गेल्यावर कळतो. जाहिरातीची आणि मौनाची ही वाटणी नेमकी उलटी व्हायला हवी. गुणाविषयी वैद्याने संयम पाळावा. ते रोग्यांच्या अनुभवाने आणि समव्यावसायिकांच्या पारखीने ठरू द्यावे. दराविषयी मात्र त्याने उघडपणे, मराठीत, दारातच बोलावे आणि बिलात प्रत्येक औषधाचे व प्रत्येक सेवेचे नाव लिहावे. बिलाविषयीची ही अपेक्षा १७३६ साली एका मैलभर लांबीच्या गावाने कायद्यात लिहून ठेवली होती. ती दोन वर्षांत विसरली गेली, कारण ती लावून धरणारे रुग्ण संघटित नव्हते आणि वैद्यांना तिची गरज नव्हती. येथे तरी ती विसरली जाऊ नये, हे पाहणे प्रामुख्याने बिल भरणाऱ्यांच्याच हाती आहे.