हिवाळ्यात लेकाकडे जाताना गोळ्यांची पिशवी



आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि महिना-दीड महिन्यात आमच्या कळंब तालुक्यातल्या वस्तीत घरांना कुलपे दिसू लागतात. बहुतेक घरे ऊसतोडीला गेलेल्यांची असतात. चार-दोन घरांचे कारण मात्र वेगळे असते. तिथली म्हातारी माणसे थंडीपुरती मुंबईला लेकाकडे गेलेली असतात. वस्तीत त्यांना गमतीने 'हिवाळवासी' म्हणतात.

कॅनडातले निवृत्त लोक थंडीत अमेरिकेतल्या फ्लोरिडात जातात, इंग्लंडमधले स्पेनच्या किनाऱ्यावर जातात. युरोपातली कितीतरी माणसे आपल्या गोव्यात येऊन राहतात. त्यांच्याकडे त्यासाठी पेन्शन असते, विमा असतो. आपल्या माणसांकडे असते एसटीचे अर्धे तिकीट आणि लेकाची दीड खोली. पण कारण तेच. हाडे थंडी सोसत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या एका जोडप्याची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. सगळे त्यांना अण्णा आणि बाई म्हणतात. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, वय ७२. बाई ६६ वर्षांच्या, जन्मभर शेतमजुरी केलेल्या. अण्णांना रक्तदाब, बाईंना साखर आणि दमा. दमा चुलीचा. चाळीस वर्षे तुराट्या-पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक केला, त्याचा धूर छातीत राहिला. बालाघाटाच्या या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. पत्र्याच्या घरात ती थंडी अंगावरच येते. मुंबईत तेव्हा रात्री १६-१८ अंश असतात. लेक म्हणाला, "दोन महिने या इकडं." तेव्हापासून दोघे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि तिथून गोवंडीला लेकाकडे जायचे. परतायचे फेब्रुवारीत, २२ तारखेच्या आत. १९४१ साली याच तारखेला आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः आले होते. अण्णांचे वडील त्या परिषदेला चालत गेले होते. त्या दिवशी अण्णांना तडवळ्यात असायचेच असते.

तिथला दिवस कसा जातो, ते बाईंकडून ऐकावे. पहाटे पाचला पाणी येते, ते भरायचे. मग पंचशील, वंदना. सून साडेसातला कामावर जाते. नातवाला शाळेत सोडायचे काम अण्णांचे, डबा बाईंचा. घर पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, २६९ चौरस फुटांचे. लिफ्ट बंद पडली की बाई दोन दोन दिवस खाली उतरत नाहीत. गावाकडून नेलेली ज्वारी, काळे तिखट आणि शेंगदाणे महिनाभर पुरतात. भूमचा खवाही जातो, तो फक्त नातवासाठी, अशी माझी सक्त ताकीद आहे. रविवारी विहारात जायचे. तिथे परांड्याची, तुळजापूरची, वाशीची माणसे भेटतात आणि बाईंचा जीव निवतो. हुरड्याचे दिवस मात्र दरवर्षी हुकतात. "इथं ऊब हाय, पर बोलायला मानूस नाही," असे त्या फोनवर म्हणतात.

दुसऱ्या वर्षी घडले ते आपण सर्वांनी लक्षात ठेवावे, असे आहे.

निघताना अण्णांनी आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या नेल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या संपल्या. जवळच्या एका दवाखान्यात ते गेले, तर "गावचे कागद आणा" असे ऐकून परत आले. लेकाला सांगितले नाही. त्याचा हप्ता, नातवाची फी, त्यात आपला खर्च कशाला? शिवाय तब्येत बरी वाटत होती. इथे थंडी नाही, मग गोळी कशाला, असे त्यांनी मनाशी धरले. बारा-तेरा दिवस गोळीविना गेले.

एके सकाळी त्यांच्या हातातून चहाची कपबशी निसटली. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, बोलणे जड झाले होते. बाईंनी ते पाहिले. आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत मी तीन खुणा शिकवल्या होत्या: तोंड वाकडे, हात लुळा, बोबडे बोल. यातली एकही दिसली तरी क्षणभर थांबायचे नाही. बाई सही करायला अलीकडे शिकल्या, पण या खुणा त्यांना पाठ होत्या. त्यांनी शेजारच्या मुलाला हाक मारली, १०८ ला फोन लावायला लावला. "थोडे पाणी पाजा, झोपू द्या," असे कुणीतरी म्हणाले, ते त्यांनी ऐकले नाही. दीड तासात अण्णा मोठ्या सरकारी रुग्णालयात होते.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. अण्णा वेळेत पोहोचले म्हणून वाचले. आज ते चालतात, बोलतात. डाव्या हाताची पकड तेवढी कमी झाली आहे. पाना धरणारा तो हात पाहिला की मला माझी चूक आठवते. मी नर्स आहे. खुणा शिकवल्या, पण जाताना त्यांच्या खिशात औषधांची चिठ्ठी आहे का, हे विचारले नाही.

आता शास्त्र समजून घेऊ. थंडीत शरीरातली उष्णता राखण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. म्हणून हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके आणि लकवा वाढतो. उबदार गावी दाब थोडा उतरू शकतो, पण त्यामुळे आजार जात नाही. गोळी कमी करायची का, हे डॉक्टर ठरवतील. दाब आटोक्यात असतो तो गोळी चालू असते म्हणून. दुसरी गोष्ट, ऊब असली म्हणजे हवा चांगली असतेच असे नाही. मुंबईत हिवाळ्यात वारा मंदावतो, बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर खालीच साचतो. गोवंडीला देवनारचा कचराडेपो जवळ. बाईंचे गुडघे तिथे बरे असतात, खोकला मात्र वाढतो. दम्याच्या माणसाने पंप नेहमी जवळ ठेवावा, धुरकट सकाळी फिरणे टाळावे, उन्हे वर आल्यावर बाहेर पडावे.

हिवाळ्यात लेकाकडे जाणाऱ्यांसाठी:

१. निघण्याआधी बीपी आणि साखर तपासा. औषधांची नावे, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून, डॉक्टरांची सही घेऊन दोन प्रती करा. एक खिशात, एक सुनेजवळ. जुने कागद पिशवीत असू द्या.

२. गोळ्या महिन्याच्याच मिळाल्या तर उरलेल्या कुठून घ्यायच्या, हे आधीच ठरवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मुंबईत महापालिकेचे दवाखाने आहेत. कुणी परत पाठवले तर गप्प बसू नका, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. औषध हा आपला हक्क आहे.

३. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयातला खर्च त्यात बसतो. ते दाखल झाल्यावरच चालते, रोजच्या गोळ्यांना नाही. सत्तरीच्या आतल्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

४. साखर असणाऱ्यांनी पाय शेकोटीला किंवा गरम पिशवीला लावू नयेत. पाय बधिर असले तर भाजलेले कळत नाही.

५. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी प्या. नव्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या मोरीत जपून वावरा. मांडीचे हाड मोडले तर म्हातारपण अंथरुणात जाते.

६. श्रावणबाळ योजनेचे पैसे घेत असाल, तर हयातीचा दाखला कधी द्यायचा, हे निघण्याआधी तहसीलात विचारा.

लेकी-सुनांना आणि लेकांनाही एक सांगते. आई-वडील येतात ते विसाव्याला. नातवाची शाळा, पाणी, डबा हे सगळे त्यांच्या अंगावर टाकू नका. आणि गोळ्या आहेत का, हे त्यांनी सांगायची वाट पाहू नका. स्वतः डबी उघडून बघा.

आता मागे राहिलेल्यांविषयी. लेक-सून उसाच्या फडावर, लेकाची मुंबईत खोली नाही, घरात म्हातारा-म्हातारी आणि तीन नातवंडे. श्रावणबाळचे महिन्याला पंधराशे रुपये. या माणसांना हिवाळा इथेच काढायचा आहे. भगवान बुद्धांनी अतिसाराने पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती ऐकून घरी जायचे एवढेच का? या वर्षी आमच्या महिला मंडळाने वस्तीतल्या एकट्या वृद्धांची यादी केली आहे. दर रविवारी वंदनेनंतर दोघी जणी त्यांच्या घरी जातात, गोळ्या मोजतात, बीपी पाहतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कुणी झोपत तर नाही ना, हेही पाहतात. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

पुढच्या डिसेंबरला अण्णा आणि बाई पुन्हा निघतील, तेव्हा त्यांची पिशवी मी स्वतः तपासणार आहे. तुमच्या वस्तीतून कोण निघणार आहे आणि कोण मागे राहणार आहे, त्याची यादी आजच करा.

जयभीम!