वजन ताकदीनं नाही, तोलानं पेलतं

मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडून तळा गावाकडे वळलं की रस्ता अरुंद होत जातो. गावाच्या डोक्यावर तळगड, मांदाडजवळ कुड्याची लेणी आणि मधल्या वाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटा. अशा वाटेवर जड ॲडव्हेंचर मोटरसायकल घालण्याआधी काही समज मनातून काढून टाकायला हवेत. त्यांची किंमत घोट्यानं नाहीतर गुडघ्यानं मोजावी लागते.

गैरसमज : जास्त सीसी, म्हणजे कच्च्या वाटेवर जास्त दम.
वस्तुस्थिती : अशा वाटेवर गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. ताकद वापराविना उरते, वजन नडतं. हिरो एक्सपल्स २०० सुमारे १६० किलोची, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ही १९६ किलोची, तर बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९ किलोची. हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीतलं पेट्रोलच साडेबारा किलोच्या घरात जातं, तेही वरच्या बाजूला. म्हणून जवळच्या फेरीला टाकी अर्धी ठेवा आणि सामानाच्या पेट्या उतरवून निघा.

गैरसमज : फुटरेस्टवर उभं राहणं ही नुसती ऐट.
वस्तुस्थिती : बसून चालवलं की प्रत्येक धक्का कमरेत बसतो. उभं राहिलं की गुडघे तो झेलतात, गाडी पायांखाली मोकळी हलते आणि पुढची वाट लांबून दिसते. पकड गुडघ्यांची, हँडलवर हात सैल. हळू, आवळ वळणावर गाडी आत झुकवा, अंग बाहेरच्या बाजूला ठेवा आणि नजर वळण संपतं तिथे लावा. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

गैरसमज : वेग ठेवला की गाडी पडत नाही.
वस्तुस्थिती : वेगात गाडी सरळ राहते हे खरं, पण वळणापलीकडे गुरं उभी असली तर तोच वेग घात करतो. हळू चालवणं हे वेगळं कसब आहे : अर्धा क्लच, एकसारखी रेस आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब, तिन्ही एकाच वेळी. पावसाळ्यानंतर वाळून टणक झालेल्या चाकोरीत याची खरी परीक्षा होते. पुढचं चाक कडेला घासत तिरकं वर चढवायला गेलात की ते घसरून परत आत येतं आणि गाडी आडवी होते. चाकोरीतच राहा. कड ढासळलेली दिसेल तिथूनच बाहेर पडा.

गैरसमज : मातीत पुढचा ब्रेक लावायचाच नाही.
वस्तुस्थिती : ब्रेक लागताना भार पुढे येतो आणि पुढच्या चाकाची पकड वाढते. हँडल सरळ असताना दोन बोटांनी हळूहळू दाबलेला पुढचा ब्रेक उत्तम काम करतो. वळणात किंवा शेवाळलेल्या कातळावर एकदम दाबला तर मात्र चाक निसटतं. उतारावर पहिला गिअर ठेवा, क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका.

गैरसमज : पडणारी गाडी पाय लावून सावरायची.
वस्तुस्थिती : थोडी कललेली गाडी सावरता येते, जास्त कलली की नाही. तेव्हा ती सोडून द्या आणि बाजूला व्हा. उचलण्याआधी इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये ठेवा. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा. मग पाठ सीटला टेकवून, वाकलेले गुडघे सरळ करत, लहान पावलं मागे टाकत उचला. जोर पायांचा, कमरेचा नव्हे.

गैरसमज : वाट दिसली, म्हणजे ती आपली.
वस्तुस्थिती : राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे आणि जवळच्या फणसाड अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. गड पायीच चढावा. उरलेल्या वाटाही कुणाच्या तरी शेताकडे जातात. आपण जे दोनशे किलो मोठ्या कष्टानं तोलतो, त्यांच्याखाली भातखाचराचा बांध एका फेरीत खचतो आणि खाचरातलं पाणी वाहून जातं. बांध दिसला की उतरा आणि वाट विचारा.